बसायची खोली

"सिस्टर, तेवढं मात्र बरं केलंत," वॉर्डातली मावशी म्हणाली. "शेवटच्या दिवशी आईजवळ जाऊन बसलात ते. म्हातारीचा सगळा जीव तुमच्यात अडकला होता."

एवढं बोलून मावशीनं दंडावर गुंडाळलेली बाही खाली ओढली, खुर्चीत ऐसपैस रेलली आणि डोळे मिटून घेतले. इन्चार्ज सिस्टरच्या हातात कापसाच्या बोळ्यांचा ट्रे होता. असल्या वेळी माणसाच्या हातून काहीतरी खाली पडायला पाहिजे, पण तिच्या हातून काही पडलं नाही. त्या हातांना पाडायची सवयच नव्हती. तिनं ट्रे टेबलावर नीट ठेवला, झाकला, आणि मावशीच्या खुर्चीपाशी परत आली. कारण ती आईजवळ नव्हती. आई गेली त्या दिवशी ती घरी होती, खोलीचं दार आतून लावून, अंगात ताप घेऊन, उशाशी फोन ठेवून. अख्ख्या हॉस्पिटलला हे माहीत होतं. मावशीलाच तेवढं कसं माहीत नसावं?

"मावशी, कुणाबद्दल बोलताय तुम्ही?"

"अहो, तुमच्याबद्दल! आणखी कुणाबद्दल?" मावशीनं एक डोळा उघडला. "मी पलीकडच्या टोकाला लादी पुसत होते. आई मोठ्यानं म्हणाली, भिंगरे, आलीस का गं? सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं. मग तुम्ही पलंगावर बसलात. पेशंटच्या पलंगावर बसायचं नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलेलं. मी म्हटलं, बसू दे बाई, आईच आहे, आता कसले नियम! हात धरला होता त्यांनी तुमचा, घट्ट. दुसऱ्या दिवसापासून मीच आडवी झाले, मग दोन महिने घरी, आणि परत आले ती दुसऱ्या वॉर्डात. तुम्हाला भेटायचंच राहून गेलं बघा."

"पाठीवर नाव होतं का?"

"कुणाच्या? तुमच्या? आता ते मला काय विचारता! तोंडावरच्या काचेवर ही वाफ धरलेली. मला माझा पोछा दिसत नव्हता, तुमचं नाव कुठं वाचत बसू?" आणि मावशी पुन्हा डोळे मिटून मोकळी झाली. थोड्या वेळात ती घोरायलाही लागली.

हॉस्पिटलातल्या माणसांना लस द्यायचं हे केंद्र फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये थाटलं होतं. भिंतीला लाकडी दांड्या, कोपऱ्यात लोटून ठेवलेल्या सायकली, आणि एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत आरसा. पूर्वी पाय मोडलेली माणसं त्या आरशात स्वतःकडे बघत पुन्हा चालायला शिकायची. आता हॉलचे तीन भाग केले होते. पहिल्यात नाव विचारायचं, दुसऱ्यात टोचायचं, आणि आरशाच्या बाजूला तिसऱ्यात टोचून झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं, कुणाला चक्कर, खाज, घाम, काही होत नाही ना ते बघायला. कागदावर त्या भागाचं नाव निरीक्षण कक्ष. पण तोंडात बसेल तेच नाव टिकतं, म्हणून सगळे म्हणायचे बसायची खोली. सुरुवातीला लोकांना तिथं बसवेना. वर्षभर ज्यांना बूड टेकायला मिळालं नव्हतं, ती माणसं खुर्चीच्या कडेला अवघडून बसायची, पायानं लादीवर ताल धरायची, दर दोन मिनिटांनी विचारायची, "जाऊ का?" दिवसभर लोकांची पोटं उघडून बघणारा एक सर्जन तर सुई दिसताच तोंड फिरवून टोचणाऱ्या धाकट्या सिस्टरला म्हणाला होता, "सांगून टोच गं, अचानक नको." सगळे हसले होते. पण काही दिवसांनी नवलच सुरू झालं. माणसं त्या खुर्च्यांवर झोपायला लागली. आणि काही नुसतीच समोर आरशात बघत बसायची आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. हुंदका नाही, काही नाही, आपलं येतंय पाणी. सिस्टर त्यांच्याजवळून जाताना वेग कमी करायची आणि विचारायची, "काही त्रास?" ते मान हलवायचे. हा त्रास तिनं कुणाला कळवायचा, हे कुठल्याच सूचनेत दिलेलं नव्हतं.

ती स्वतः त्या खोलीत कधी बसली नव्हती. तिची लससुद्धा राहिली होती. आजारातून उठलेल्यांनी तीन महिने थांबायचं होतं, आणि ते तीन महिने कधीच होऊन गेले होते. धाकटी, वॉर्डातल्या नर्स, दारावरचा रखवालदार, सगळे टोकून थकले. "दुसऱ्यांना वाढता वाढता स्वतः उपाशी," धाकटी म्हणायची. ती म्हणायची, आज गर्दी आहे, उद्या घेते. खरं कारण तिलाच माहीत होतं. सुईचं तिला काय भय? टोचलं की मग अर्धा तास बसावं लागलं असतं. त्या आरशासमोर, हातात काही नसताना.

भिंगरी. हे नाव घरातलं होतं, आणि घरात ते एकाच तोंडात होतं. लहानपणी ती एका जागी ठरत नसे म्हणून आईनं ठेवलेलं. ती मोठी झाली, नर्स झाली, केस पांढरे व्हायला लागले, तरी आईनं नाव बदललं नाही आणि तिनंही ठरायचं मनावर घेतलं नाही. जेवायचीसुद्धा ओट्याशी उभी राहून, एका हातात ताट, दुसऱ्या हातानं डबा भरणं चाललेलं. "बस की गं जरा," आई म्हणायची. "खुर्ची काय मारक्या बैलासारखी अंगावर येते तुझ्या?" आई शाळेच्या गणवेशांना काजं-बटणं करून द्यायची, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं, तरी सुई नुसत्या बोटांनी ओवायची. आणि मुलगी ड्युटीला निघाली की दाराशी येऊन ठरलेला टोमणा: "जा बाई जा, तुझी माणसं खोळंबली असतील." म्हणजे पेशंट. ती तुझी माणसं, मग मी कोण, असा त्यातला सूर. सिस्टरला त्याचा राग यायचा. जिन्यातून खाली उतरेपर्यंत यायचा, मग वॉर्डात शिरल्यावर विसरायची.

आता कुणीतरी त्या नावाला ओ दिली होती. डावा दंड की उजवा, असं विचारावं तशी ती एकेकीला मनात विचारत राहिली: तू होतीस का? तू? त्या दिवसांत कुणीच कुणाला ओळखू येत नसे. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे, डोळ्यांवर चष्मा, त्यावर काच. छातीवर आणि पाठीवर मार्करनं नाव लिहायचं, पण घामानं शाई फुटायची आणि तासाभरात सगळ्यांच्या पाठीवर एकच निळा डाग उरायचा. दुपारी त्याच वॉर्डातली एक नर्स लस घ्यायला आली तेव्हा तिनं दंडावर कापूस दाबता दाबता विचारलं, आवाज शक्य तेवढा साधा ठेवून, "आईच्या पलंगाशी त्या दिवशी कोण होतं गं, आठवतं?"

नर्सनं तिच्याकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. "सिस्टर, कसं सांगू? आम्ही सगळ्या सारख्याच दिसायचो. पेशंट कुणालाही कुणीही समजायचे. एक आजोबा मला त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारायचे. मी ओ द्यायचे. न देऊन काय करणार? सगळ्याच द्यायच्या."

"हो," सिस्टर म्हणाली. "बस आत जाऊन. पाणी पी."

सगळ्याच द्यायच्या. तिनं स्वतः दिली होती. ती आजारी पडायच्या आधी कितीजणांची ती मुलगी झाली होती, सून झाली होती, एकदा तर एका माणसाची बायको. तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं. औषधातलाच तो एक भाग, द्यायचा आणि पुढच्या पलंगाकडे जायचं. पण आता कुणीतरी तिच्या जागेवर बसलं होतं, तर तिच्या अंगाची लाहीलाही होत होती. माझी जागा होती ती. मी येते म्हटलं होतं. स्ट्रेचरवरून नेताना आईनं विचारलं होतं, "तू येशील ना?" आणि ती म्हणाली होती, "येते, तू हो पुढं." मग तिचा स्वतःचा रिपोर्ट आला आणि दार बंद झालं. आई वाट बघत गेली, हे तिनं इतक्या दिवसांत गिळून टाकलं होतं, दगड गिळावा तसं, आणि तो दगड पोटात जाऊन एका जागी बसलाही होता. आता मावशीनं त्यालाच हात घातला. आई वाट बघत गेली नाही. कुणीतरी आलं. बरं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटतही होतं, पण त्याच्याच जोडीला असा मत्सर उसळत होता की तिची तिलाच लाज वाटली. त्या माणसाला आईचा शेवटचा स्पर्श मिळाला. आईनं जे काही सांगायचं ते त्याला सांगितलं. आणि काय सांगितलं असेल? तिला हेच हवं होतं आणि याचंच भय होतं. कारण आजार घरात आला तो तिच्याबरोबर. दुसरं कोण आणणार? आई महिनोनमहिने उंबरा ओलांडत नव्हती.

तिनं सगळं पाळलं होतं. आल्याबरोबर अंघोळ, कपडे गरम पाण्यात, वेगळी खोली, ताट दाराबाहेर. आई दारापलीकडून बोलायची आणि चिडायची, "दारातून घ्यायला मी काय पार्सल आहे?" आणि मग ती एक संध्याकाळ. लागोपाठच्या ड्युट्या करून ती घरी आली होती, पाय आपले नाहीतच असं झालेलं. आई बैठकीत सोफ्यावर होती, मांडीवर कुणाचा तरी सदरा. आईनं शेजारची जागा थोपटली. "बस जरा," म्हणाली. एरवी ती हसून पुढं गेली असती. त्या दिवशी ती बसली. मास्क हनुवटीखाली ओढला, आईच्या खांद्याला डोकं टेकलं, आणि तिला झोप लागली. जाग आली तेव्हा आईचा खांदा अवघडून गेला होता, तरी तिनं तो हलवला नव्हता. पुढच्या आठवड्यात आई खोकायला लागली. सिस्टरला नक्की ठाऊक होतं की तीच ती वेळ. आयुष्यात एकदा आईचं ऐकलं, एकदा बसली, आणि आईला घालवून बसली. तेव्हापासून ती बसली नव्हती, म्हणजे बसली असेल बसमध्ये, बैठकीत, पण तशी नाही.

आणि माणसाला दुःखाबरोबर एक वैरी लागतो. तोही तिला मिळाला होता. घरी पडून असताना वॉर्डातल्या डॉक्टरांना ती फोन करून करून भंडावायची. आई गेली त्या संध्याकाळी त्यांनी सगळं सांगितल्यावर तिनं विचारलं होतं, सकाळचा छातीचा एक्स-रे कसा होता? ते म्हणाले, प्लेट घ्यायला सांगितली होती, पण निघालीच नाही. मग घाईघाईनं म्हणाले, त्या एका प्लेटनं काही फरक पडला नसता, सिस्टर, तुम्हालाही कळतं. कळत होतं. पण तिनं ते धरून ठेवलं. एक्स-रेवाल्याची ड्युटी कुणाची होती ते तिला विचारावं लागलं नाही. तो रथवाला. वॉर्डावॉर्डातून फिरवायचं ते चाकांवरचं अवजड यंत्र तो ढकलत यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "रथ आला, बाजूला व्हा!" म्हणून त्याला सगळे रथवाला म्हणत. बुटका, घोगरा, तोंडाचा फटकळ. तिचं त्याचं पूर्वीपासूनच जमत नव्हतं, ती वॉर्डात शिस्त मागायची आणि तो गोंधळ घेऊन यायचा. कामावर परत आल्यावर पहिल्याच दिवशी तिनं अधीक्षकांकडे त्याची तक्रार केली. त्याला बोलावलं, विचारलं. तो म्हणाला, "राहून गेलं." एवढंच. मेमो मिळाला. त्या दिवसापासून तो समोरून आला तरी ती भिंतीकडे बघत जायची, आणि तोही यंत्र बाजूला घेऊन तिला वाट द्यायचा. राहून गेलं! एका माणसाचा श्वास जात होता आणि याचं राहून गेलं.

दुपारी उशिरा नऊजण ताटकळत बसले होते. एका बाटलीत दहाजणांची लस असते. बाटली उघडली की ती तेवढ्याच वेळात संपवायची, उरली तर टाकायची, म्हणून दहा डोकी जमल्याशिवाय सिस्टर बाटली फोडू द्यायची नाही. धाकटीनं सगळ्या विभागांना फोन लावले. शेवटी कंटाळून म्हणाली, "एक्स-रेमधला रथवाला राहिलाय, सिस्टर. दोनदा तारीख दिली, आलाच नाही. घाबरतो वाटतं सुईला."

"मग बोलाव," सिस्टर म्हणाली. "खुर्चीला बांधून टोच."

तो आला. दारात ओरडला नाही. रथ नसताना तो आणखीच बुटका दिसत होता, तिच्याएवढाच असेल फार तर. तिच्याकडे न बघता तो धाकटीपुढं बसला, बाही वर केली, टोचून घेतलं, आणि बसायच्या खोलीत आरशापासून लांबची, भिंतीकडची खुर्ची पकडली. ती तिची फेरी घेत होती. काही त्रास? चक्कर? घाम? एकेक खुर्ची करत ती त्याच्यापर्यंत पोचली. त्याला वगळून पुढं जाणं तिला सहज जमलं असतं, पण कामात तिनं असलं कधी केलं नव्हतं.

"काही त्रास?"

"नाही."

ती पुढं गेली, टेबलावरचे बोळे पुन्हा सारखे केले, एक खुर्ची ओळीत घेतली, खिडकी थोडी उघडली. मागून तो घोगरा आवाज आला, जणू तो स्वतःशीच बोलत होता.

"तुमच्या आई म्हणाल्या ते खरं आहे. तुम्ही खरंच बसत नाही."

तिनं खिडकीची कडी धरूनच मागं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर, मास्कच्या वर उरलेल्या त्या थोड्याशा चेहऱ्यावर, तोंडातून भलतंच निघून गेल्याची खूण होती.

"माझी आई तुम्हाला कधी म्हणाली?"

मावशी कधीच उठून गेली होती. आसपासच्या खुर्च्यांत दोघंतिघं होते, तेही झोपेत. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "कधी म्हणाली, विचारतेय मी."

"त्या दिवशी," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. खाली बघत, तुटक तुटक, मेमोला उत्तर द्यावं तसं. तो प्लेट घ्यायला गेला होता. यंत्र पलंगाशी लावलं आणि त्यांनी बाही धरली. भिंगरे, आलीस का गं, म्हणाल्या. "मला सांगायचं होतं की मी नाही. पण त्यांचा चेहरा असा झाला होता. खुलला होता. मी नुसतं हं म्हटलं. बोललो असतो तर माझा हा आवाज. दुसऱ्यांदाही हं म्हटलं. मग सुटका कुठली?"

"मग?"

"म्हणाल्या, बस जरा. कायम उभी असतेस. म्हणून बसलो. पलंगावर बसायचं नाही, माहीत आहे. पण स्टूल नव्हतं."

तिच्या पायांखालची जमीन सरकली असं म्हणतात, तसं काही झालं नाही. उलट जमीन फार घट्ट वाटायला लागली आणि त्यावर उभं राहणं कठीण झालं. बस जरा. म्हणजे ती संध्याकाळ आईला नको झालेली नव्हती. "आणखी काय म्हणाली?" तिनं विचारलं. "माझ्यावर रागावली होती का? खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका, तुम्ही तसले नाही."

"रागावल्या?" त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "नाही हो. त्यांनी हात वर केला, माझ्या कपाळाकडे. मध्ये काच होती, काचेला लागला. ताप नाही ना तुला, म्हणाल्या. खोकतेस का अजून? मी मान हलवली, नाही म्हणून. मग त्यांना बरं वाटलं."

सिस्टरनं शेजारची खुर्ची ओढली आणि ती बसली. आपण बसलो हे तिला बसल्यावर कळलं. आईला श्वास पुरत नव्हता आणि ती हिचा ताप बघत होती. हिनं तिला आजार दिला होता आणि ती विचारत होती, तू खोकतेस का. तिला रडू फुटलं. इतरांना बघत आली होती तसं आपलं पाणी येणं नव्हे; मास्क ओला होऊन नाकातोंडाला चिकटला, श्वास अडकला, आवाज झाला. झोपलेल्यांतला एकजण जागा झाला, त्यानं पाहिलं, आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. या खोलीत ती रीतच होती.

"हात सोडवेना," रथवाला सांगत होता, आता त्याला थांबता येत नव्हतं. "पाठीखाली प्लेट सरकवायची तर दोन्ही हात लागतात. म्हटलं, पाच मिनिटांनी घेऊ. मग खिशातला फोन वाजायला लागला, वरच्या मजल्यावर कुणाचीतरी घाई. तो आवाज त्यांनी ऐकला आणि आपणहून हात सोडला. जा, म्हणाल्या, तुझी माणसं खोळंबली असतील. हसून म्हणाल्या. परत आलो तेव्हा पलंगावरची चादर बदलली होती."

हसून. टोमणा नव्हता. की पूर्वीही कधी नव्हता, आणि जिन्यातून उतरण्याच्या घाईत तिनंच तसा ऐकला होता?

"तुम्ही अधीक्षकांना का नाही सांगितलं?" ती म्हणाली. "मी तुमचं वाटोळं करायला निघाले होते."

"काय सांगणार? सिस्टरच्या आईला मरताना फसवलं, म्हणून?" तो म्हणाला. "तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता, याच्याच भीतीनं इथं येत नव्हतो. मी ओ दिली ती तुमच्या नावाला. ती हाक माझी नव्हती. त्यापेक्षा मेमो परवडला. आणि प्लेट राहिलीच होती, ते काही खोटं नाही."

तिला त्याचा राग आला. सगळं ऐकूनही आला, शेवटचा, थोडासा. माझी जागा होती ती. मग तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं. आखूड, जाड बोटं, नखांच्या कडा काळ्या झालेल्या. आईच्या बोटांना, जी अंधारातसुद्धा सुई ओवायची, हा हात आपल्या लेकीचा नाही हे खरंच कळलं नसेल? विचारावं असं तिला वाटलं, आणि मग वाटलं, राहू दे. आईला कळलं असेल तरी तिनं बस म्हटलं, आणि नसेल कळलं तरी बसच म्हटलं.

"फार वेळ बसला होतात?"

"बसलो होतो," तो म्हणाला. "घाई केली नाही."

ती मान हलवत राहिली. आभार मानायचे होते, माफी मागायची होती, आणि तिच्या तोंडून निघालं ते एवढंच: "दंड दुखला तर उद्या शेकू नका. थंड पट्टी ठेवा." तो म्हणाला, "बरं."

पडद्याआडून धाकटीनं डोकं काढलं. तिनं आधी नेहमीप्रमाणे सिस्टरला उभ्या माणसांत शोधलं, मग खुर्च्यांत शोधलं, आणि सापडल्यावर पुन्हा एकदा नीट बघून घेतलं. "सिस्टर, शेवटची बाटली आहे. रात्रपाळीवाले आलेत, पण नऊच. फोडू की थांबू?"

"फोड."

"अहो, पण दहावं कोण?"

"मी," सिस्टर म्हणाली. "इथंच आण. मी उठत नाही."

धाकटी आली. तिनं सुई दोनदा तपासली. ज्या बाईनं तिला सुई धरायला शिकवलं तिलाच टोचायचं होतं. सिस्टरनं बाही वर केली. समोर लांब आरशात तिला दोन माणसं दिसली, एकाशेजारी एक, बाह्या वर केलेली, डोळे लाल, कुणाचं काय गेलंय ते न सांगता कळेल अशी. सुई आत गेली, बाहेर आली. "झालं," धाकटी म्हणाली, आणि सवयीनं, तिला शिकवलेलं वाक्य तिनं म्हणून टाकलं, "आता अर्धा तास बसायचं हं. अजिबात उठायचं नाही." मग जीभ चावली. रथवाल्याकडे वळून म्हणाली, "तुमचा अर्धा तास केव्हाच होऊन गेला. तुम्ही जाऊ शकता."

तो उठला नाही. त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला, वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. त्यानं खिशावर हात ठेवला आणि सिस्टरकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं.

"जा," ती म्हणाली. "तुमची माणसं खोळंबली असतील."

आवाज तिचाच होता, पण सूर आईचा लागला. त्यालाही तो ओळखू आला. तो उभा राहिला आणि खुर्च्यांच्या ओळीतून दाराकडे गेला. थोड्या वेळानं कॉरिडॉरमध्ये जड चाकांचा आवाज आला आणि तो घोगरा आवाजही, आज जरा हळू, "रथ आला, बाजूला व्हा." रात्रपाळीवाले एकेक करून आत येत होते. कुणाला काही त्रास होतोय का, हे विचारायला धाकटी फिरत होती. सिस्टरनं कापूस दंडावर दाबून धरला, डोकं मागच्या भिंतीला टेकलं, आणि ती बसून राहिली.